गाडी कोणी केली?

सुरुवातीलाच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी सोलापुरातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून मला बोलावले होते. आम्ही तिघे परीक्षक होतो. पहिले बक्षीस आम्ही एका 'प्रदूषणविरहित वाहना'ला दिले. चकचकीत प्लॅस्टिकचा सांगाडा, आत बॅटरी आणि छोटी मोटर, समोर लुकलुकणारे दिवे, मागे रंगीत अक्षरांतला तक्ता. तक्त्यावर साहित्य, कृती, तत्त्व, निष्कर्ष असे सगळे रीतसर लिहिलेले होते.

त्याच दालनात कोपऱ्यात सातवीतील एक मुलगी उभी होती. तिच्यासमोर एक गाडा होता. यंत्राच्या खोक्याची जाड फळी, बाभळीच्या दांड्याचा आस, मागे दोन जुन्या बेअरिंग आणि पुढे मोडक्या तिचाकी सायकलचे चाक. पाच वर्षांच्या धाकट्या भावाला बसवून ओढण्यासाठी तिने तो बनविला होता. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. बेअरिंग तिथल्याच टाकाऊ ढिगातल्या. तक्ता नव्हता. आम्ही विचारले, "यातले वैज्ञानिक तत्त्व कोणते?" ती म्हणाली, "तत्त्व माहीत नाही सर. आधी पुढेपण बेअरिंगच लावली होती. ती फरशीच्या फटीत अडकायची आणि भाऊ तोंडावर पडायचा. मग हे मोठं चाक लावलं."

आम्ही हसलो, "छान, छान" म्हणालो आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

बक्षीस समारंभाच्या वेळी पहिल्या क्रमांकाची गाडी पाहुण्यांना चालवून दाखवायची होती. ती चालेना. आतली एक तार सुटली होती, एवढेच. तो मुलगा गाडीकडे न पाहता प्रेक्षकांत बसलेल्या वडिलांकडे पाहू लागला. वडील उठून आले, त्यांनी तार जोडली, गाडी चालली, टाळ्या पडल्या. बक्षीस मात्र मुलाच्याच हातात गेले.

त्या मुलाचा मला राग नाही. चूक आम्हा परीक्षकांची होती. त्या मुलीने आमच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण दिले होते. अडचण पाहिली, कारण शोधले, बदल केला, पुन्हा चालवून पाहिले. विज्ञान याहून वेगळे काय असते? पण ते उत्तर तक्त्याच्या भाषेत नव्हते, म्हणून आम्हाला ऐकूच आले नाही.

तेव्हापासून माझे एक मत बनले आहे, आणि आज ते तुमच्यापुढे मांडतो. प्रत्येक विद्यार्थ्याने दहावी होण्याच्या आत निदान एकदा, भंगारातले भाग वापरून, स्वतःच्या हाताने, एखाद्या लहान मुलासाठी चाकांची गाडी बनवावी. आणि शाळेने तिला खेळ न म्हणता प्रयोग म्हणावे.

गिरणीतून आलेले चाक

सोलापूरच्या मुलांना बेअरिंगची गाडी नवीन नाही. ज्या गावात माग आहेत, गॅरेज आहेत, तिथे झिजलेल्या बेअरिंग निघतातच. जिथे बेअरिंग निघतात तिथे मुले त्यांच्या गाड्या करतातच. पण या बेअरिंगची आणि कापड गिरणीची जवळीक किती जुनी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

स्वीडनमधील गोथेनबर्ग या शहरात एक कापड गिरणी होती. तेथे स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर काम करीत असे. त्या काळी गिरणीतील यंत्रांना लांबच लांब फिरत्या दांड्यांवरून पट्ट्यांनी गती दिली जाई. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन खचली की दांडे किंचित वाकडे होत, त्यांना आधार देणाऱ्या बेअरिंग अडकत आणि फुटत. विंगक्विस्टने विचार केला, जमीन तर सरळ करता येत नाही. मग वाकड्या दांड्याशीही जुळवून घेईल अशी बेअरिंगच का करू नये? १९०७ साली त्याने छर्ऱ्यांच्या दोन ओळी असलेली, स्वतःहून दांड्याशी जुळणारी बेअरिंग तयार केली. त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी निघाली. जगभरच्या यंत्रांत तिच्या बेअरिंग आजही फिरतात.

आपल्या सोलापूरची जमीनही काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. येथील जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठत असे. त्यांतील बहुतेक गिरण्या नंतर बंद पडल्या. पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग मात्र आहेत, आणि त्यांच्या पोटात छर्रे फिरत आहेत. तुमच्या गाडीखालची खरखरणारी कडी ही या सगळ्या इतिहासाची वारस आहे.

आणखी एक गोष्ट. भारतात मोटारी बनविण्यासाठी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद हे याच सोलापुरात १८८२ साली जन्मले. चाकांचे वेड या गावाला नवे नाही.

भंगारवाल्याकडचे गणित

भंगाराच्या दुकानात गेलात की बेअरिंग हातात घेऊन तिच्या कडेवर कोरलेला आकडा वाचा. समजा ६२०३ असे लिहिले आहे. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचा व्यास सांगतात. ०४ पासून पुढे त्या अंकांना ५ ने गुणायचे. म्हणजे ६२०४ चे भोक २० मिलिमीटर, ६२०५ चे २५ मिलिमीटर. त्याखालचे चार आकडे पाठच करावे लागतात. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर. ६२०३ चा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर आणि जाडी १२ मिलिमीटर असते. ही मापे जगभर सारखी आहेत. कानाकोपऱ्यातल्या कारखान्यांनी एकच माप मानले, म्हणून एका देशातली बेअरिंग दुसऱ्या देशातल्या यंत्रात बसते. प्रमाणीकरण हा शब्द पुस्तकात वाचला की कंटाळा येतो. भंगारच्या ढिगातून दोन सारख्या बेअरिंग निवडताना तोच शब्द उपयोगी पडतो.

बेअरिंग निवडताना ती कानाजवळ धरून बोटाने फिरवा. एकसारखी सळसळ असेल तर ठीक. मध्येच अडखळली तर एखादा छर्रा फुटला आहे किंवा आत खडा आहे. मग ती डिझेलमध्ये धुवून, पुसून, नवे वंगण भरायचे. हे काम उघड्यावर, आगीपासून दूर आणि मोठ्या माणसासमोर करायचे. गॅरेजमध्ये काही जण हवेच्या झोताने बेअरिंग गरगर फिरवून दाखवितात. तसे मुळीच करू नका. सैल बेअरिंग भलत्या वेगाने फिरली की फुटून छर्रे गोळीसारखे सुटू शकतात.

आसासाठी बाभळीचे लाकूड घ्यावे. बैलगाडी करणारे सुतार बाभूळच पसंत करीत, कारण ती चिवट असते. बसायची फळी देवदाराची चालेल. पण आसाचे टोक तासताना लाकडाचे धागे दांड्याच्या लांबीच्या दिशेने जात आहेत ना, ते पाहा. धागे तिरके असतील तर ओझे पडताच टोक त्याच रेषेत कडकन तुटेल. टोक बेअरिंगच्या भोकाहून अगदी केसभर जाड ठेवायचे, बेअरिंग ठोकून बसवायची आणि शेवटी पाचर मारायची. सुताराच्या दुकानात जाऊन हे एकदा पाहा. तो तुम्हाला विचारील, "गुण्या लावला का?" आस फळीशी काटकोनात नसेल तर दोन्ही चाके तिरकी घासतात आणि गाडी जड चालते. काटकोनाचा असा उपयोग भूमितीच्या तासाला क्वचितच कळतो.

तीन प्रश्न

आता गाडी उभी राहिली. ती नीट पाहिलीत तर तीन प्रश्न पडतील. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत, पण गाडीवाचून ती तुम्ही विचारणार नाही.

पहिला प्रश्न. बेअरिंगमुळे गाडी हलकी का चालते? लाकडावरून कोरडे लाकूड घसरवायचे असेल, तर ओझ्याच्या वजनाच्या साधारण चौथाई ते निम्मे बल लावावे लागते. छर्ऱ्यांच्या बेअरिंगमध्ये घसरण्याऐवजी लोळण होते, आणि तेथे हाच गुणांक हजारात दीड-दोन इतका कमी असतो. मग गाडी ओढायला तरीही जोर का लागतो? कारण उरलेला विरोध बेअरिंगच्या आत नसून चाक आणि जमीन यांच्यामध्ये असतो. शाळेतला ताणकाटा दोरीला लावा. तीच गाडी तेवढ्याच वजनासह फरशीवर, डांबरी रस्त्यावर आणि मातीच्या मैदानावर सावकाश ओढा आणि आकडे लिहून ठेवा. घर्षणाचा याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

दुसरा प्रश्न त्या मुलीचा. लहान चाक का अडकते? चाकाची त्रिज्या २ सेंटिमीटर आहे आणि समोर अर्धा सेंटिमीटर उंच खडा आहे असे समजा. खडा जिथे टेकतो त्या बिंदूभोवती चाक वर चढायचे आहे. तरफेचा नियम लावा. ढकलणाऱ्या आडव्या बलाची भुजा त्रिज्येतून खड्याची उंची वजा करून येते, म्हणजे दीड सेंटिमीटर. वजनाची भुजा पायथागोरसच्या सिद्धान्ताने काढा. ४ मधून २.२५ वजा करून वर्गमूळ घेतले की सुमारे १.३२ येते. १.३२ ला १.५ ने भागले की ०.८८ मिळते. म्हणजे त्या चाकावर जितके वजन आहे त्याच्या जवळजवळ नऊ-दशांश जोर लावल्याशिवाय ते चाक त्या क्षुद्र खड्यावर चढणार नाही. आता तिचाकी सायकलचे १० सेंटिमीटर त्रिज्येचे चाक घ्या. तेच गणित करा. उत्तर ०.३३ येईल, म्हणजे फक्त एक-तृतीयांश. बैलगाडीचे चाक एवढे मोठे का, याचेही उत्तर यातच आहे. सातवीतल्या त्या मुलीने हे गणित केले नव्हते, पण उत्तर काढले होते. आमच्याकडे गणित होते, पण प्रश्न नव्हता.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाडी थांबणार कशी? बहुतेक मुले गाडी पळेल कशी याचाच विचार करतात. उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतची उभी उंची १ मीटर असेल, तर घर्षण सोडून दिल्यास तळाशी वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर होतो. बसणारा जाडा असो की बारीक, या हिशेबात फरक पडत नाही. आता फळीला एक लाकडी दांडा तरफेसारखा जोडून, त्याच्या टोकाला जुन्या टायरचा तुकडा ठोकून ब्रेक केला असे समजा. दांडा ओढला की रबर जमिनीवर दाबले जाते. घर्षण गुणांक ०.४ धरला आणि एकूण वजनाचा चौथा हिस्साच ब्रेकवर आला, तर सपाटीवर गाडी थांबायला १० मीटर लागतात. उंची अर्धी केली की अंतरही अर्धे होते. म्हणून एक सोपा नियम लक्षात ठेवा. उताराची उभी उंची जितकी, त्याच्या निदान दहापट लांब मोकळी सपाट जागा खाली हवी. तेवढी जागा नसेल तर तो उतार तुमचा नव्हे.

गाडी वळविण्यातही गंमत आहे. पुढचा आस मध्ये एकाच बोल्टवर फिरता ठेवतात. त्याच्या उजव्या टोकाची दोरी ओढली तर गाडी उजवीकडे वळते. पण दोरी न बांधता पाय टेकवून उजव्या पायाने आस पुढे ढकलला, तर ती डावीकडे वळते. असे का, ते स्वतः चित्र काढून ठरवा. आणि हे लहान भावाला देण्याआधी त्याला कोणती सवय लावायची तेही ठरवा, कारण घाईच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

मोठ्यांचा हात कुठपर्यंत?

आता पालकांच्या मदतीविषयी. अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन या शहरात १९३३ साली मायरन स्कॉट या वृत्तपत्र छायाचित्रकाराला काही मुले घरी बनविलेल्या गाड्या उतारावरून सोडताना दिसली. त्याने त्यांची शर्यत भरविली. पुढच्याच वर्षी ती देशपातळीवरची झाली आणि १९३५ पासून अॅक्रन या शहरात होऊ लागली. इंजिन नाही, पेट्रोल नाही. फक्त उतार आणि गुरुत्वाकर्षण. नियम असा की गाडी मुलाने स्वतः बनवायची. बक्षिसे मोठी झाली तसे वडील, काका आणि कारखानेही त्यात हात घालू लागले. १९७३ साली एका चौदा वर्षांच्या मुलाने शर्यत जिंकली. नंतर क्ष-किरणांनी गाडी तपासली तेव्हा तिच्या नाकाडात विद्युतचुंबक लपविलेला सापडला. सुरुवातीला गाड्या अडवून धरणारी लोखंडी पट्टी पुढे पडताच तो चुंबक तिच्याकडे ओढला जाई आणि गाडीला आगाऊ धक्का मिळे. या लबाडीमागे त्या मुलाचा काका होता. मुलाचे बक्षीस काढून घेतले गेले.

पाहा, विद्युतचुंबकाचे ज्ञान तर उत्तम होते! पण ते त्या मुलाच्या कामी आले नाही. जगभर बदनामी मात्र त्याच्या वाट्याला आली. त्याच स्पर्धेत मुलींना १९७१ पर्यंत प्रवेशच नव्हता. दार उघडल्यावर चारच वर्षांत, १९७५ साली, एका अकरा वर्षांच्या मुलीने ती जिंकली. आपल्याकडे करवत आणि हातोडा अजूनही भावाच्याच हातात देणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

याउलट एक उदाहरण आपल्या शेजारचे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस पुरविण्यासाठी जुन्या गाड्यांचे भाग जमवून एक चारचाकी गाडी तयार केली. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होई. तिला सुमारे ६० हजार रुपये खर्च आल्याचे प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. मात्र ही गाडी वाहतुकीच्या नियमांत बसत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी लोहार यांना त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो दिली, आणि लोहारांची गाडी आपल्या संशोधन केंद्रात मांडण्यासाठी घेतली. यातून दोन गोष्टी शिकायच्या. कल्पकतेला पदवी लागत नाही, आणि कितीही कल्पक गाडी असली तरी रस्त्याचे नियम तिलाही लागू असतात.

मग मोठ्यांनी मदत करावी की नाही? जरूर करावी. धारदार पटाशी कशी धरायची ते दाखवावे. गिरमिटाने भोक पाडताना फळी धरावी. बेअरिंग धुताना शेजारी उभे राहावे. पहिल्या खेपेला उताराच्या तळाशी थांबावे. पण मापे मुलाने घ्यावीत, चूक मुलाने करावी आणि ती दुरुस्तही त्यानेच करावी. हे शेवटचे पालकांना सर्वांत जड जाते, हे मला ठाऊक आहे.

आक्षेप

"हे धोक्याचे आहे," असे कोणी म्हणेल. खरे आहे. म्हणूनच मी म्हणतो की रस्त्यावर, पुलाच्या उतारावर, गल्लीच्या तोंडाशी ही गाडी कधीही सोडू नये. सोलापूर तसे सपाट गाव. आयता उतार सापडला तर तो बहुधा वाहनांचाच असतो. त्यापेक्षा शाळेच्या मैदानात फळ्या टाकून अर्धा मीटर उंचीचा उतार करावा. डोक्याला शिरस्त्राण, पायात बूट, बोटे चाकापासून दूर. आधी विटा बसवून गाडी सोडावी, मग माणूस. लहान भावाला बसविण्यापूर्वी आपण स्वतः दहा वेळा बसावे. धोका मोजायला शिकणे हा अभ्यासाचाच भाग आहे. न मोजलेला धोका मोठेपणी मोटारसायकलवर भेटतो, आणि तिथे तो अर्ध्या मीटरचा नसतो.

"परीक्षेला याचा काय उपयोग?" असाही प्रश्न येईल. मघाचे खड्याचे गणित पुन्हा पाहा. बलाची भुजा, पायथागोरस, गुणोत्तर, ऊर्जेचे रूपांतर, घर्षण, सर्व काही एका फळीवर आले आहे. ज्याने चाक अडकलेले पाहिले आहे, त्याला ते सूत्र पाठ करावे लागणार नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो मनात असतो. "आमच्या मुलाने भंगार वेचायचे? सुतारकाम करायचे?" मित्रांनो, हा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो. जो हात मळवतो तो कमी शिकलेला, आणि जो तक्ता वाचतो तो हुशार, ही समजूत आपल्या समाजात फार खोल गेली आहे. त्या दिवशी आम्हा तिघा परीक्षकांच्या डोक्यातही तीच बसली होती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडे शिकावे असे सुचविले. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून वर्षानुवर्षे मुलांना दाखविली. सांगणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. कमी पडतो तो आपल्या शाळेतला एक शनिवार.

शिक्षकांना विनंती

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या पुढच्या विज्ञान प्रदर्शनात चार साधे नियम करून पाहा. एक, विकत आणलेल्या वस्तूंच्या खर्चाला मर्यादा घाला, आणि ती इतकी कमी ठेवा की यंत्रमाग कामगाराच्या मुलीला आणि डॉक्टरांच्या मुलाला ती सारखीच परवडेल. दोन, तक्त्याऐवजी वही मागा. काय केले, काय फसले, काय बदलले, हे तारखेसह लिहिलेली वही. तीन, परीक्षकाने वस्तूचा एक भाग सुटा करावा आणि विद्यार्थ्याला तो परत जोडायला सांगावा. निम्मे गुण त्यालाच द्यावेत. चार, परीक्षकांत गावातला एक सुतार किंवा माग दुरुस्त करणारा एक कारागीर बसवावा. त्या दिवशी आमच्याबरोबर तसा कोणी असता, तर तो त्या कोपऱ्यातल्या गाड्याजवळ नक्की थांबला असता.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. घरातले, शेजारचे, एखादे लहान मूल निवडा. त्याचे वजन करा, त्याच्या पायांची लांबी मोजा. मग त्या मापाची गाडी करा. स्वतःसाठी करताना आपण निष्काळजी असतो. दुसऱ्याचे लहान मूल बसणार असले की प्रत्येक खिळा आपण दोनदा तपासतो. इंजिनिअर ज्याला जबाबदारी म्हणतात ती हीच.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिचे नाव मी त्या दिवशी लिहून घेतले नाही, याची रुखरुख मला अजून आहे. तिच्या गाडीचे वर्णन मात्र मी तेव्हापासून नवव्या इयत्तेत घर्षणाचा पाठ सुरू करताना दरवर्षी फळ्यावर काढतो. मोठे चाक पुढे, लहान चाके मागे. आणि मुलांना विचारतो, "हे असे का केले असेल?" दरवर्षी कोणीतरी उत्तर देते. ते देणाऱ्याच्या हाताकडे मी पाहतो. बहुतेक वेळा त्या हाताला कुठेतरी वंगण लागलेले असते.